नित्यकर्म आणि इलेक्ट्रिक गिटार

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या कर्मांपैकी जी सिद्धीस गेली असता जगात काही तरी नवे दिसू लागते, त्यांची थोरवी गाताना कवी, बखरकार आणि भाट या तिघांनाही कधी शब्दांची वाण पडलेली नाही. परंतु जी कर्मे सिद्धीस गेली म्हणजे काहीच घडत नाही, गंज चढत नाही, लाकूड वाकत नाही, स्वर ढळत नाही आणि कालची वस्तू आजही कालच्यासारखीच राहते, त्या कर्मांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. निगा, देखभाल, डागडुजी, झाडलोट या नावांनी ओळखली जाणारी सारी कृत्ये या दुसऱ्या वर्गातली होत. आपल्या धर्मशास्त्राने मात्र या वर्गाची दखल घेतली, त्याला नित्यकर्म अशी संज्ञा दिली, आणि त्याविषयी असा एक विलक्षण सिद्धांत मांडला की ते केल्याने विशेष पुण्य लागत नाही, न केल्याने मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. जमेच्या बाजूस शून्य आणि नावेच्या बाजूस धोका, असा हा व्यवहार शहाण्या माणसाने का पत्करावा, या प्रश्नावर मीमांसकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. तो वाद संध्यावंदनापुरता आणि अग्निहोत्रापुरता नाही. ज्याच्या ताब्यात सांभाळण्याजोगी एखादी वस्तू आहे अशा प्रत्येक माणसाला तो लागू पडतो, हे अगदी परक्या वाटणाऱ्या एका उदाहरणावरून तपासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आणि ते उदाहरण म्हणजे इलेक्ट्रिक गिटार स्वच्छ करणे आणि तिची निगा राखणे.

वीणा असती, सारंगी असती, निदान हार्मोनियम असती तर गोष्ट निराळी. पण अमेरिकेत जन्मलेल्या, रात्रीच्या नाचघरांत वाढलेल्या आणि कर्कशपणाबद्दल बदनाम झालेल्या या वाद्याचा मीमांसासूत्रे रचणाऱ्या जैमिनीशी संबंध काय, असे कोणी विचारील, आणि त्याचे विचारणे गैर म्हणता येणार नाही. परंतु वीणेभोवती सरस्वतीचे वलय असल्यामुळे तिच्यावरील धूळ पुसताना आपण वस्तूची निगा राखतो आहो की देवतेची उपासना करतो आहो, हे पुसणाऱ्यालाच सांगता येत नाही. खंडेनवमीला हत्यारे आणि अवजारे पुजण्याची आपली वहिवाट घ्या: तीत पुसणे, तेलाचे बोट फिरविणे आणि हळदकुंकू वाहणे ही कृत्ये इतकी एकजीव झालेली असतात की त्यांपैकी उपयोगाचे कोणते आणि भक्तीचे कोणते, याची फोड करणे अशक्य होते. इलेक्ट्रिक गिटारीला असे कोणतेच वलय नाही. तिची निगा राखणाऱ्याला कोणी धार्मिक म्हणत नाही, आणि म्हणूनच निगेचे कर्म तिच्या ठायी निखळ कर्म म्हणून पाहता येते.

या वाद्याची घडण प्रथम ध्यानी घेतली पाहिजे, कारण पुढील सारा विचार तिच्यावर उभा आहे. जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ साली लॉस एंजलिस येथे विक्रीस आणलेली गिटार अ‍ॅल्युमिनियमची ओतीव होती, मांडीवर आडवी ठेवून हवाई बेटांच्या धाटणीने वाजवावयाची होती, आणि तिच्या वाटोळ्या अंगामुळे लोक तिला थट्टेने तळण्याचा तवा म्हणत. तिच्यात योजलेले तत्त्व आजही तेच आहे: पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावू लागली की चुंबकाभोवती गुंडाळलेल्या, केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेच्या हजारो वेढ्यांत अत्यल्प विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ध्वनिवर्धकाकडे जाऊन तेथे त्याचा स्वर होतो. म्हणजे स्वराला जन्म देण्यासाठी पोकळ तुंब्याची गरज उरली नाही; भरीव फळी पुरेशी झाली. १९५० साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर याने अशा भरीव अंगाची गिटार मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला, आणि ती पुढल्या वर्षापासून टेलिकास्टर या नावाने प्रसिद्धीस आली. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाजविणाऱ्याला वाद्य नवे असतानाचे दिसते, दुरुस्त करणाऱ्याला ते बिघडलेले दिसते. म्हणूनच की काय, जुने कारागीर गिटारीची मान अंगाला सरसाने कायमची चिकटवीत असता फेंडरने ती चार स्क्रूंनी जोडली, अशासाठी की उद्या ती वाकली वा झिजली तर काढून दुसरी बसवावी. आपण झिजणार हे ज्या वस्तूच्या घडणीतच मान्य केलेले आहे, तिच्या संदर्भात नित्यकर्माचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

नित्यकर्माचा विधी अगदी थोडक्या तपशिलाचा आहे. वाजविण्यापूर्वी हात धुवावेत, वादन संपल्यावर आणि वाद्य पेटीत जाण्यापूर्वी कोरड्या, मऊ सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसावी, मानेची पाठ, धातूची घोडी आणि अंगाचा जो भाग मनगटाखाली येतो तो पुसावा, इतकेच. याचे कारण असे की घामात क्षार आणि आम्ल असते, बोटांवर त्वचेचे तेल असते, आणि वरच्या तीन तारा साध्या पोलादाच्या, तर खालच्या तीन तारांवर बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या तारेचे घट्ट वेढे असल्याने त्या वेढ्यांच्या खाचांत हा सारा मळ साचून राहतो. मळ साचलेली तार सर्वत्र सारखी जड राहत नाही. मग तिच्या मूळ स्वराबरोबर निघणारे उपस्वर मावळतात, नाद बोथट होतो, सूर मिळविला तरी वरच्या पडद्यांवर तो खरा उतरत नाही, आणि तारेवर गंज धरला की तीच तार कानशीसारखी होऊन पडद्यांना खाऊ लागते. ज्या मिश्रधातूचे पडदे करतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात खरे, पण त्यात चांदीचा अंशही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण पोलादापेक्षा मऊ असते, त्यामुळे झीज पडद्यांच्याच वाट्यास येते. दोन मिनिटांच्या पुसण्याने हे सारे टळते असेही नाही. लांबणीवर पडते, एवढेच. आणि जो पुसतो त्याला त्या दिवशी फळ म्हणून काहीही दिसत नाही. श्रोत्यांपैकी कोणी येऊन, काल आपण तारा पुसल्या होत्या म्हणून आज वादन रंगले, अशी पावती देत नाही.

आता मीमांसकांचा वाद पाहू. कुमारिलाच्या परंपरेतील भाट्ट मीमांसकांचे म्हणणे असे की फळावाचून कोणीही शहाणा कर्माला प्रवृत्त होत नाही, सबब नित्यकर्मालाही काही फळ मानले पाहिजे, आणि ते फळ म्हणजे दुरिताचा क्षय किंवा भावी दोषाचा परिहार. प्रभाकराच्या अनुयायांना ही देवघेव पसंत पडली नाही. विधीने सांगितले म्हणून कर्तव्य, यापलीकडे प्रयोजन विचारणे म्हणजे विधीचा अधिकारच नाकारणे होय, असा त्यांचा कडक पक्ष. शंकराचार्यांनी गीताभाष्यात निराळीच शंका उपस्थित केली: नित्यकर्म न करणे हा अभाव आहे, आणि प्रत्यवाय हा तर भावरूप पदार्थ, तेव्हा अभावापासून भाव कसा उत्पन्न होईल? ही शंका निव्वळ शब्दच्छल आहे असे पुष्कळांना वाटते, परंतु गंजलेली तार हाती घेऊन तिचा विचार केला तर तिच्यातील मर्म ध्यानात येते. न पुसल्यामुळे तार गंजली असे आपण बोलतो. पण न पुसणे ही तारेवर घडलेली क्रिया कधीच नव्हती. गंज चढविला तो घामातल्या क्षाराने आणि हवेतल्या ओलाव्याने. पुसणाऱ्या हाताच्या गैरहजेरीने नवे काहीही निर्माण केले नाही, आधीच सुरू झालेल्या व्यापाराला आडकाठी केली नाही इतकेच. वेदान्त्यांनी या प्रश्नाचे उत्तर याच दिशेने दिले आहे: नित्यकर्माचे अकरण हे दोषाचे कारण मानावयाचे नाही, पूर्वी साचलेला दोष अद्याप शिल्लक असल्याचे ते चिन्ह समजावयाचे.

या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि धर्मोपदेशक तिच्यावर सहसा जोर देत नाहीत. तारेवरचा क्षार आला कोठून? तो कोणा शत्रूने टाकला नाही, रस्त्यावरच्या धुळीबरोबर उडून आला नाही. ज्या बोटांनी स्वर काढला त्याच बोटांनी, त्याच क्षणी, तो तेथे ठेवला. वादन जितके उत्कट तितका घाम अधिक, आणि म्हणून मळही अधिक. दुष्कृत्याने मळ साचतो आणि सत्कृत्याने तो जातो, अशी जी सोयीस्कर वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते तिला येथे आधार मिळत नाही. उत्तमातल्या उत्तम कर्माचीही स्वतःची अशी एक राख असते आणि ती झाडण्याचे काम त्या कर्माबरोबरच जन्मास येते. नित्यकर्म नित्य का, याचे उत्तर यात आहे. ते रोज करावयाचे, कारण त्याला निमित्त होणारे कर्म रोज घडते.

नैमित्तिक कर्माचा प्रकार याहून भिन्न. ग्रहण लागले म्हणजे स्नान, पुत्र झाला म्हणजे जातेष्टी. निमित्त उपस्थित झाल्यावाचून ही कर्मे करावयाची नाहीत. गिटारीच्या बाबतीत तारा उतरविण्याचा दिवस हे असे निमित्त होय, कारण जुन्या तारा काढल्यावर आणि नव्या चढविण्यापूर्वी पडदेपट्टीचे लाकूड मोकळे सापडते, आणि पडद्यांच्या कडेला साचलेली काळसर पुटे तेव्हाच काढता येतात. ही पट्टी पुष्कळदा शिसवाची असते. ब्राझीलच्या शिसवाची निर्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून आटत गेली तेव्हा परदेशी कारागिरांनी आपल्या दक्षिणेकडील डोंगरांत होणारा शिसव जवळ केला, आणि त्यामुळे दूरदेशीच्या असंख्य गिटारींच्या मानेवर आपल्याकडील लाकूड बसलेले आहे. दुसरे निमित्त ऋतूचे. सहा तारांचा एकंदर ताण सुमारे ४५ किलो असतो, त्याला तोंड देण्यासाठी मानेच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई घातलेली असते, आणि हवेतील दमटपणा वाढला की लाकूड फुगून मान आपला बाक बदलते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी असे कारागीर सांगतात; मुंबईत किंवा कोकणात आषाढ-श्रावणात हा सल्ला ऐकून हसू यावे अशी स्थिती असते, आणि तेथे तारा तर न वाजविताही गंजतात. अशा वेळी सळईचा पेच पाव फेऱ्याहून कमी फिरवावा, तारा पुन्हा सुरात आणाव्या, मानेच्या मध्यावर तार आणि पडदा यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर अंतर राहिले की नाही हे पाहावे, आणि तेथेच थांबावे. निमित्त सरल्यावरही पेच पिळीत राहणाऱ्याची सळई तुटते, असा या कामातला अनुभव आहे. नैमित्तिकाला नित्य करून टाकण्याचा अतिउत्साह धर्माइतकाच येथेही घातक ठरतो.

निषिद्धांची यादी मोठी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. पडदे चमकविण्यासाठी वापरावयाचा पोलादी लोकरीचा अत्यंत बारीक बोळा पडद्यांवर उत्तम काम करतो, पण त्याचे सूक्ष्म तंतू तुटून पिकअपच्या, म्हणजे तारांखाली बसविलेल्या चुंबक आणि वेढे यांच्या जोडणीच्या, चुंबकांना जाऊन चिकटतात आणि मग निघता निघत नाहीत. म्हणून पिकअप आधी चिकटपट्टीने झाकून घ्यावे लागतात. तेलाचे थोडे थेंब उघड्या शिसवाला हितकारक, कारण त्याची छिद्रे मोकळी असतात. परंतु मॅपलच्या पट्टीवर लाखेचा पारदर्शक थर असल्याने तेल तेथे आत शिरत नाही आणि निव्वळ मळ धरून ठेवते. घरातल्या मेजखुर्च्यांना चकाकी आणणारे सिलिकोनयुक्त पॉलिश लाकडावर असा थर ठेवते की पुढे दुरुस्तीच्या वेळी त्यावर नवे रोगण धरत नाही. जुन्या गिटारींवरील नायट्रोसेल्युलोज रोगणाला तर रबराचा नुसता स्पर्शही सोसत नाही. रबरी टेकूवर ठेवलेल्या वाद्याचे रोगण तेथे मऊ पडून त्यावर कायमचा डाग उठतो. आवाज कमीअधिक करण्याच्या बटणांतून खरखर ऐकू येऊ लागली तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली असे समजून विद्युत्‌संपर्क साफ करणाऱ्या द्रवाचा छोटा फवारा मारावा आणि बटण अनेक वेळा फिरवावे; तेथे खाद्यतेल घालणे म्हणजे धुळीला चिखलाची जोड देणे होय. एकास जे विहित तेच दुसऱ्यास निषिद्ध, हा जो अधिकारभेदाचा नियम आधुनिक मनाला धर्मशास्त्रात खुपतो, तो वस्तूंच्या क्षेत्रात निरपवाद चालतो, कारण तेथे भेद द्रव्याच्या स्वभावातला असतो. माणसामाणसांत तो जन्मावरून पाडला गेला तेव्हा त्याला असा कोणताही आधार उरलेला नव्हता, हेही याच ठिकाणी नमूद करणे प्राप्त आहे.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात संस्काराचे दोन प्रकार सांगितले आहेत: वस्तूत गुण घालणे आणि वस्तूतला दोष काढणे; आणि दुसऱ्याचे उदाहरण म्हणून घासल्याने उजळणाऱ्या आरशाचा उल्लेख येतो. शिसवाला तेल देणे हा पहिला प्रकार, तार पुसणे हा दुसरा. परंतु आरशाच्या उदाहरणात एक सोय आहे: आरसा कोठे संपतो आणि मळ कोठे सुरू होतो, हे तेथे सर्वांस ठाऊक असते. जुन्या गिटारीत ती सीमारेषा इतकी स्पष्ट नसते. आयर्लंडचा वादक रॉरी गॅलहर याची १९६१ सालची, फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टर जातीची गिटार पाहावी. तपकिरी-पिवळ्या झळाळीचे तिचे रोगण वर्षानुवर्षांच्या वादनाने आणि घामाने बहुतेक सारे उडाले आणि खालचे लाकूड उघडे पडले. रोगण गेले हा दोष म्हणावा, तर ते पुन्हा चढविणे हे दोषापनयन ठरेल. पण असे करण्याची सूचना कोणी केली असती तर गॅलहरच्या श्रोत्यांनी तिला अपहाराहून सौम्य नाव दिले नसते. तारेवरचा घाम मळ, आणि त्याच घामाने खाल्लेले अंग मात्र वाद्याचे स्वरूप, असा हा निवाडा आहे आणि तो विसंगतही नाही. मळ कोणता आणि स्वरूप कोणते, हे द्रव्य पाहून ठरत नाही, प्रयोजन पाहून ठरते: जे स्वराच्या आड येते ते काढावे, जे येत नाही ते राहू द्यावे. निगा राखणाऱ्याला ज्ञान लागते ते या निवाड्यासाठी; नुसत्या उत्साहाने घासणारा मळाबरोबर वस्तूही काढून टाकतो.

या निवाड्याचा विपर्यास कसा होतो हेही बाजाराने दाखवून दिले. १९९५ पासून फेंडर कंपनीच्या खास कारखान्यात कोऱ्या गिटारींचे रोगण मुद्दाम खरवडून, धातूचे भाग काळवंडवून, त्या जुन्या भासतील अशा करून विकल्या जाऊ लागल्या, आणि कोऱ्या वाद्याहून अधिक किंमत देऊन त्या घेणारे गिऱ्हाईकही मिळाले. यात फसवणूक म्हणावी तर ती नाही, कारण सारा व्यवहार उघड आहे. तरी कर्म न करता कर्माची खूण तेवढी अंगावर असावी, ही जी इच्छा त्यात दिसते ती धर्माच्या इतिहासाला अपरिचित नाही. तपश्चर्येवाचून जटा आणि यात्रेवाचून माळ मिरविणारे पूर्वीही होते.

प्रायश्चित्ताची पाळी शेवटी येतेच. कितीही पुसले तरी तारांखाली पडद्यांवर खाचा पडतात. प्रथम कानशीने पडदे सारखे करून त्यांना पुन्हा गोलाई देता येते, पण ही मुभा दोनचार वेळांपुरती, आणि त्यानंतर जुने पडदे उपटून नवे ठोकावे लागतात. हे काम जाणत्याचे आहे. आपल्याकडे मिरजेला तंतुवाद्ये घडविणारे आणि तंबोऱ्याची जवारी काढणारे जे कारागीर आहेत, त्यांचे मूळ पुरुष फरीदसाहेब हे हत्यारांना शिकल करणाऱ्या, म्हणजे त्यांचा गंज काढून धार लावणाऱ्या, शिकलगार घराण्यातले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, तलवारींचा काळ मावळत असता, ते वाद्यांकडे वळले. जवारी काढणारा हात घोडीवरचे हस्तिदंत किंवा हाड रेसभर घासतो आणि स्वर उघडतो. त्याहून किंचित अधिक घासले तर घोडी वाया जाते. पडदे घासणाऱ्या परदेशी कारागिराचा विवेक याच जातीचा आहे.

पण पडदे बदलले, पुढे पिकअप बदलले, पुढे चार स्क्रू काढून मानच नवी बसविली, तर ज्या वाद्याची आपण निगा राखली ते वाद्य राहिले कोठे? बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे एकेक अंग दाखवून, यांपैकी रथ कोणता, असे विचारले होते. गिटारीच्या बाबतीत हा प्रश्न एका वादकाने प्रत्यक्ष निर्माण करून ठेवला. एरिक क्लॅप्टन याने १९७० साली नॅशव्हिल येथे काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर खरेदी केल्या, त्यांतील तीन मित्रांना दिल्या, आणि उरलेल्या तिघींचे उत्तमोत्तम भाग एकत्र करून एक गिटार सिद्ध केली. ब्लॅकी या नावाची ती गिटार त्याने पुढे सुमारे पंधरा वर्षे वाजविली, आणि २००४ साली ती न्यू यॉर्क येथे ९,५९,५०० डॉलरांना लिलावात विकली गेली. तिचा एकही भाग तिच्यासाठी म्हणून घडविलेला नव्हता. तरी ती एक वस्तू आहे याविषयी बोली लावणाऱ्यांना शंका आली नाही. नैयायिक म्हणतील की अवयवी हा अवयवांहून निराळा पदार्थ आहे, आणि भाग बदलला तर जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. बौद्ध म्हणतील की अवयवी म्हणून काही नाहीच, व्यवहारासाठी ठेवलेले ते एक नाव आहे. निगा राखणाऱ्याचे या वादात कोणत्याच बाजूने नुकसान होत नाही. त्याने वस्तूला अमर करण्याचा मक्ता घेतलेलाच नव्हता. आज संध्याकाळी हे वाद्य सुरात वाजावे, इतकीच त्याच्या कर्माची मर्यादा होती आणि ती पूर्ण झाली. वस्तू टिकावी म्हणून जो पुसतो त्याला नागसेनाने निरुत्तर केले; वाजावी म्हणून जो पुसतो त्याला नागसेनाची भीती नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मळ जर वादनातूनच येतो, तर वाद्य न वाजविणे हा सर्वात खात्रीचा बंदोबस्त नव्हे काय? कर्माच्या दोषाला भिऊन कर्मच टाकणाऱ्या संन्यासमार्गाचे हे लौकिक रूप आहे, आणि त्याचे अनुयायी थोडे नाहीत: १९५९ सालची गिब्सन लेस पॉल घेऊन ती कुलपात ठेवणाऱ्या धनिकांची त्यांत गणना होते. परंतु कुलपातल्या गिटारीच्याही तारा हवेने काळवंडतात, बटणांतील संपर्क फिरविले न गेल्यामुळे गंजून खरखरू लागतात, आणि तारांच्या ताणाखाली मान आपला बाक बदलीतच राहते. वाजविण्याने येणारा दोष टळतो, न वाजविण्याने येणारा टळत नाही. टिळकांनी गीतारहस्यात, देह आहे तोवर कर्म सुटत नाही, हे ज्या आग्रहाने प्रतिपादिले, त्याला पेटीतल्या वाद्याने दिलेला हा दुजोराच म्हणावयाचा. गॅलहरची गिटारही २०२४ साली लिलावात विकली जाऊन आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या वाट्यास आली. लोकांच्या ठेव्याची अशी सोय होणे इष्टच आहे. पण तेथे तिची जी निगा राखली जाईल ती वेगळ्या धर्माची, स्मारकाच्या धर्माची असेल, आणि तिचे नियम संग्रहपालाने ठरवावयाचे.

तेव्हा भाट्ट आणि प्राभाकर यांच्या वादाचा निकाल काय लावावा? कर्त्याच्या मनाचा विचार केला तर प्रभाकर बरोबर आहे, कारण रोजच्या पुसण्यामागे फळाचा हिशेब ठेवणारा फार दिवस पुसत नाही. तीन आठवडे तारा पुसून काही फरक न दिसला की तो फडके टाकून देतो, आणि जो टिकतो तो, हे असेच करावयाचे असते, इतक्याच शिरस्त्यावर टिकतो. वस्तूचा विचार केला तर भाट्ट बरोबर आहेत, कारण पुसण्याचा परिणाम खराच आहे, दिसत नसला तरी. मात्र त्या परिणामाला दोषपरिहार म्हणून थांबणे अपुरे वाटते. पुसलेली गिटार उद्याच्या वादनास पात्र राहते. म्हणजे नित्यकर्माने मिळते ती पुढील कर्माची योग्यता, ज्याला शास्त्रकार अधिकार म्हणतात ती. फळांच्या यादीत अधिकाराचा समावेश होत नाही, कारण तो असल्यावाचून कोणत्याही फळाची गोष्टच निघत नाही.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातील गीताप्रवचनांत बाहेरच्या कर्माला आतल्या विकर्माची, म्हणजे चित्ताच्या क्रियेची, जोड द्यावयास सांगितले. ती जोड मिळाली म्हणजे कर्माचा भार वाटेनासा होतो आणि त्याचे अकर्म होते. तारा पुसण्यात हे विकर्म कोणते? भक्तिभावाने डोळे मिटणे हे खचित नव्हे, कारण डोळे मिटले तर कोणत्या पडद्यापाशी खाच पडू लागली आहे ते दिसणार नाही, जॅकची चाकी सैल झालेली कळणार नाही, आणि नव्याने उठलेला गंजाचा ठिपका सुटून जाईल. येथे विकर्म म्हणजे लक्ष. हात पुसत असता नजरेने वाद्याची कैफियत ऐकून घेणे. या लक्षाने पुसणाराला आपण काही त्याग करतो आहो असे वाटत नाही आणि काही मिळवितो आहो असेही वाटत नाही.

चित्तशुद्धीच्या गोष्टी करणाऱ्यांनी या साध्या कर्माकडून एक बोध घेण्यासारखा आहे. आत्म्याला शुद्धीची गरज नाही, असे वेदान्त सांगतो, आणि ते मान्य केले तरी चित्ताला ती आहे हेही वेदान्तच सांगतो; परंतु ही शुद्धी एकदाची उरकून मोकळे होण्याची वस्तू आहे अशी समजूत साधकांत रूढ आहे, आणि एखाद्या अनुष्ठानानंतर मन पुन्हा मळले की ते अनुष्ठानाला तरी दोष देतात किंवा स्वतःला तरी. मन मळते ते पुष्कळदा आपल्या चांगल्या कर्मांनीच: दान दिले की त्याचा अभिमान येतो, सेवा केली की कृतज्ञतेची अपेक्षा येते, विद्या मिळविली की तुच्छता येते. हा मळ आला म्हणून दान, सेवा आणि विद्या टाकावयाच्या नाहीत, आणि तो येणारच म्हणून साचूही द्यावयाचा नाही. ज्या दिवशी कर्म केले त्याच दिवशी, तो ओला आहे तोवर, पुसून काढावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कर्मास लागावे. ज्याला याहून मोठी शुद्धी हवी असेल त्याने ती अवश्य मागावी; पण रोज कर्म करणाऱ्या माणसाला इतकी पुरेशी आहे, आणि हिच्यात खंड पडला तर मोठ्या शुद्धीची वाटही त्याला लाभण्याचा संभव नाही.